गर्भाशय-अंतःस्तराची जीवोतक परीक्षा : एका तपासणीचा इतिहास

गर्भाशयाच्या पोकळीला आतून आच्छादणाऱ्या मऊ व ग्रंथियुक्त थरास अंतःस्तर म्हणतात. या थराचा लहानसा तुकडा काढून, त्याचे अतिशय पातळ छेद घेऊन व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे म्हणजे गर्भाशय-अंतःस्तराची जीवोतक परीक्षा होय. अनियमित किंवा अतिरिक्त ऋतुस्राव, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा दिसू लागलेला रक्तस्राव, वंध्यत्व आणि गर्भाशयाचा क्षयरोग ही परीक्षा करण्याची प्रमुख कारणे होत. भूल देऊन अंतःस्तर खरवडण्याच्या जुन्या पद्धतीला महाराष्ट्रात ‘पिशवी धुणे’, ‘पिशवी साफ करणे’ किंवा ‘क्युरेटिंग’ असे म्हणतात. यांतील पहिली दोन नावे उपचाराची आहेत, तपासणीची नव्हेत. पिशवीत काही घाण साठली असून ती काढून टाकली म्हणजे बरे वाटेल, अशी कल्पना त्यांच्या मुळाशी आहे. ही कल्पना केवळ अडाणीपणाची आहे असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय वैद्यांची कल्पनाही फारशी निराळी नव्हती.

अंतःस्तर खरवडण्याच्या हत्याराचा, म्हणजे क्युरेटचा, वापर पॅरिसचे वैद्य झोझेफ रेकाम्ये यांनी १८४० नंतरच्या दशकात सुरू केला. दीर्घकाळ चालणारा रक्तस्राव थांबविणे हा त्यांचा हेतू होता. गर्भाशयाच्या आत ‘मांसांकुर’ वाढतात व ते खरवडून काढले की स्राव थांबतो, असे त्यांनी प्रतिपादिले. जंतुनाशनाची कल्पना अद्याप उदयास आली नव्हती. काही रुग्णांत हत्याराने गर्भाशयाच्या भिंतीला भोक पडले आणि या पद्धतीवर कडक टीका झाली. पुढे जंतुविरहित शस्त्रक्रियेचा प्रसार झाल्यावर मात्र खरवडणी झपाट्याने लोकप्रिय झाली. त्या काळी काढलेला अंतःस्तर बहुधा टाकून देण्यात येई.

टाकून देण्याच्या या पदार्थात माहिती आहे, हे ओळखण्याचे श्रेय बर्लिनमधील कार्ल रूगे व योहान फाइट यांच्याकडे जाते. १८७८ च्या सुमारास त्यांनी गर्भाशयग्रीवेच्या (गर्भाशयाच्या मुखाकडील अरुंद भागाच्या) व नंतर अंतःस्तराच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करून असे दाखविले की, हाताला व डोळ्यांना कर्करोग वाटणारी प्रत्येक विकृती कर्करोग असतेच असे नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय तुकड्याच्या तपासणीनंतर घ्यावा, हे त्यांचे म्हणणे अनुभवी शस्त्रवैद्यांना रुचले नाही. बोटांनी जे कळते ते काचेच्या पट्टीवरून कळून घेण्याची गरज काय, असा त्यांचा सूर होता. हा सूर पुढेही पुष्कळ काळ टिकला.

तपासणी सुरू झाली, तरी जे दिसते त्याचा अर्थ लावणे तेव्हा साधले नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली अंतःस्तराच्या ग्रंथी एका स्त्रीत सरळ व अरुंद, दुसरीत नागमोडी व स्रावाने फुगलेल्या दिसत. यांपैकी दुसऱ्या प्रकारास ‘ग्रंथीय अंतःस्तरशोथ’ म्हणजे अंतःस्तराचा दाह असे नाव देण्यात आले व त्यावर पुन्हा खरवडणीचाच उपचार होऊ लागला. असंख्य स्त्रियांच्या माथी हा रोग मारला गेला. १९०८ मध्ये व्हिएन्नातील फ्रिट्‌स हिचमान व लूटव्हिख आड्‌लर या दोघा तरुण वैद्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक नमुना पाळीच्या कितव्या दिवशी घेतला होता याची त्यांनी काटेकोर नोंद ठेवली आणि दिवसांच्या क्रमाने नमुने मांडून पाहिले. ज्याला दाह म्हटले जात होते ते रूप पाळीपूर्वीच्या आठवड्यात निरोगी स्त्रियांतही आढळते, हे त्यातून उघड झाले. अंतःस्तर दर महिन्याला वाढतो, पालटतो व गळून पडतो. रोग म्हणून ज्याची नोंद होत होती ते त्या चक्रातील एक नित्याचे स्थित्यंतर होते. खरा दाह ओळखण्याच्या खुणा निराळ्या असतात, हेही त्यांनी दाखविले. वैद्यकाच्या इतिहासात नवा रोग शोधून काढणाऱ्यांची नावे लक्षात राहतात. अस्तित्वात नसलेला रोग पुसून टाकणाऱ्या या दोघांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

पुढील दशकात जर्मनीतील रोबेर्ट श्रोडर यांनी या बदलांचा अंडाशयाशी असलेला संबंध स्पष्ट केला. पाळीच्या पूर्वार्धात अंडाशयातील ईस्ट्रोजेन या हॉर्मोनामुळे अंतःस्तर जाड होत जातो. अंडमोचनानंतर (अंडे बाहेर पडल्यानंतर) अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि त्याच्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनामुळे ग्रंथी स्रवू लागतात. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड सुकतो व वरचा थर पाळीच्या रूपाने पडून जातो. म्हणजे अंतःस्तराचा तुकडा पाहून अंडाशयाचे काम कसे चालले आहे हे सांगता येऊ लागले. हॉर्मोनांचे रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय नसण्याच्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

त्यासाठी प्रत्येक वेळी भूल देणे परवडणारे नव्हते. बॉल्टिमोर येथील एमिल नोव्हाक यांनी १९३५ मध्ये चूषणाचा उपयोग करणारे अरुंद पोकळ क्युरेट वर्णिले व ही तपासणी शस्त्रक्रियागृहातून बाह्यरुग्ण विभागात आली. बॉस्टनमधील जॉन रॉक यांनी १९३७ मध्ये आणि पुढे रॉबर्ट नॉइस, आर्थर हर्टिग व रॉक या तिघांनी १९५० मध्ये अंतःस्तराच्या ‘तिथिनिश्चिती’चे निकष प्रसिद्ध केले. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात सतराव्या दिवसाच्या सुमारास ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाखाली पोकळ्यांची सरळ रांग दिसते. ती दिसली म्हणजे अंडमोचन होऊन गेले असे समजावे, यांसारख्या त्या खुणा होत्या. पुढील अर्धशतकभर वंध्यत्वाच्या प्रत्येक तपासणीत ही तिथी पाहिली जाई आणि ती दोन दिवसांहून अधिक मागे पडली तर ‘पीतपिंडाची दुर्बलता’ असे निदान करून औषधे दिली जात. २००४ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र अशी मागे पडलेली तिथी अपत्यवती स्त्रियांतही तितकीच आढळली. वंध्यत्वासाठी तिथी पाहण्याची प्रथा त्यानंतर मागे पडली. निरोगी अवस्थेला रोग समजण्याची चूक याच ऊतकाच्या (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहाच्या) बाबतीत दुसऱ्यांदा झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्रात या परीक्षेचा पाया मुंबईत घातला गेला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. परंतु स्त्रिया पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यास तयार नसत. केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेले आणि स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले, तेव्हा ही अडचण काही अंशी दूर झाली. राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व नवरोजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ मधील. तुकडा काढणारे हात अशा रीतीने उपलब्ध झाले, तरी तो वाचणारे डोळे विरळाच होते. विकृतिविज्ञानाला स्वतंत्र व प्रतिष्ठित शास्त्र म्हणून उभे करण्यात वसंत रामजी खानोलकर (१८९५—१९७८) यांचा वाटा मोठा आहे. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. तुकड्याचा अहवाल हाती आल्याविना कर्करोगावर उपचार नाहीत, ही शिस्त अशा संस्थांतून रुजली.

भारतात या परीक्षेला आणखी एक प्रयोजन लाभले, ते क्षयरोगाचे. फुप्फुसातील क्षयाचे जंतू रक्तावाटे अंडवाहिन्यांत व तेथून अंतःस्तरात उतरतात. पुष्कळदा ताप नसतो, खोकला नसतो. लग्न होऊन काही वर्षे उलटली तरी मूल होत नाही एवढीच तक्रार असते. अशा वेळी पाळी येण्याच्या अगदी आधीच्या दिवसांत तुकडा घ्यावा लागतो. अंतःस्तराचा वरचा थर दर महिन्याला गळून पडत असल्यामुळे क्षयाच्या विशिष्ट गाठी बनण्यास वेळ कमी मिळतो. त्या दिसल्याच तर महिन्याच्या शेवटी दिसतात. तुकड्याचे दोन भाग करतात. एक फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी जातो; दुसरा क्षारजलात, जंतूंच्या संवर्धनासाठी. घाईगर्दीत सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला तर जंतू मरतात व संवर्धन अशक्य होते. ही चूक अतिशय क्षुल्लक वाटते, पण तिची किंमत एखाद्या दांपत्याला वर्षभराच्या विलंबाने मोजावी लागते. जंतूंच्या जनुकद्रव्याचा अंश शोधणाऱ्या नव्या चाचण्या जलद आहेत. तथापि केवळ तसल्या एका अहवालावर, अन्य पुरावा नसताना, सहा महिन्यांचे क्षयोपचार सुरू करण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे ती समर्थनीय नाही.

आजची प्रचलित पद्धती फ्रेंच वैद्य एत्येन कॉर्नये यांच्या नळीवर आधारलेली आहे. ‘पिपेल’ नावाची ही नळी १९८४ मध्ये वर्णिली गेली. ती लवचिक प्लॅस्टिकची असून तिची जाडी सुमारे ३ मिमी. असते व आतील दट्ट्या मागे ओढला की चूषण निर्माण होते. बहुतेक स्त्रियांना भूल द्यावी लागत नाही. गर्भ नाही याची खात्री आधी करून घेतात. गर्भारपणात व श्रोणिभागात (ओटीपोटाच्या हाडांमधील भागात) तीव्र जंतुसंसर्ग असताना ही परीक्षा करीत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगणे अवश्य असते. सुमारे एक तास आधी वेदनाशामक गोळी घेतल्यास त्रास कमी होतो. स्त्रीला गुडघे दुमडून उताणे निजवितात, योनिमार्ग रुंदावून धरणारे हत्यार बसवितात, गर्भाशयाचे मुख जंतुनाशकाने पुसतात व जरूर तर ते चिमट्याने स्थिर धरतात. या चिमट्याचा चटका जाणवतो. नंतर नळी मुखातून आत सरकविली जाते, दट्ट्या ओढला जातो व नळी गोल फिरवीत आतबाहेर केली जाते. या वेळी पाळीतल्यासारखी, कधी तिच्याहून जोरदार, कळ ओटीपोटात येते. काही स्त्रियांना घाम येऊन चक्कर आल्यासारखे वाटते. पडून राहिल्याने ते थोड्या वेळात ओसरते. प्रत्यक्ष तुकडा घेण्यास एखादे मिनिट पुरते व सारा प्रकार पाच-दहा मिनिटांत आटोपतो. ‘काही दुखत नाही’ असे रुग्णास सांगण्याची पद्धत चांगली नव्हे. दुखते, परंतु थोडा वेळ दुखते, असे सांगितलेली स्त्री अधिक धीराने सहकार्य करते, असा अनुभव आहे.

त्यानंतर एक-दोन दिवस किंचित रक्त जाणे स्वाभाविक आहे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारी पोटदुखी किंवा पाळीपेक्षा अधिक रक्तस्राव झाल्यास मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. गर्भाशयाला भोक पडणे हा रेकाम्ये यांच्या वेळचा धोका आज दुर्मीळ झाला आहे. ज्यांच्या गर्भाशयाचे मुख आकसलेले असते अशा वयस्क स्त्रियांत नळी आत जात नाही किंवा मिळालेला तुकडा अपुरा पडतो. तेव्हा भूल देऊन, शक्य तर दुर्बिणीतून गर्भाशयाची पोकळी पाहून, तुकडा घ्यावा लागतो.

तुकड्यावर पुढे काय होते याची कल्पना सामान्यतः कोणी देत नाही. फॉर्मॅलिनमध्ये टिकविलेला तुकडा मेणात गोठवितात, मेणाच्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ छेद घेतात व रंगवून काचपट्टीवर बसवितात. या कामास काही दिवस लागतात. अहवालात बहुधा चक्रातील अवस्था, दाह, क्षय, अंतःस्तराची अतिवृद्धी अथवा कर्करोग यांचा उल्लेख असतो. यांपैकी अतिवृद्धीचा अर्थ नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सर्वाधिक घबराट याच शब्दाने होते. अमेरिकेतील कुर्मन, कमिन्स्की व नॉरिस यांनी १९८५ मध्ये उपचार न झालेल्या १७० स्त्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पेशींत विकृती नसलेल्या साध्या अतिवृद्धीपैकी अवघ्या १ टक्का स्त्रियांत पुढे कर्करोग झाला. पेशी विकृत असलेल्या जटिल अतिवृद्धीत हे प्रमाण २९ टक्के होते. पहिल्या प्रकारात प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे किंवा तेच हॉर्मोन झिरपविणारे गर्भाशयातील साधन बहुधा पुरेसे होते. दुसऱ्यात गर्भाशय काढण्याचा सल्ला योग्य ठरतो. दोन्हींची बाह्य लक्षणे एकच असतात. सोनोग्राफीत दोन्ही जाड अंतःस्तर म्हणूनच दिसतात. भेद कळतो तो तुकड्यावरूनच.

परीक्षेच्या मर्यादाही आहेत. नळी अंतःस्तराच्या एकूण पृष्ठभागापैकी जेमतेम ४ टक्के भागाचा नमुना घेते, असे एका अभ्यासात दिसले. सर्वत्र पसरलेला रोग त्यात सापडतो. एका कोपऱ्यातील मांसांकुर निसटू शकतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणानुसार ऋतुनिवृत्त स्त्रियांतील अंतःस्तराच्या कर्करोगांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक व ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांतील सुमारे ९१ टक्के कर्करोग पिपेलने ओळखले. म्हणून अहवाल निर्दोष असूनही रक्तस्राव चालू राहिला तर तपासणी पुन्हा करावी लागते.

हे ज्ञान महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत कितपत पोहोचले, हा या इतिहासाचा अखेरचा व अस्वस्थ करणारा भाग होय. राणी बंग, अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांत एक तरी स्त्रीरोग आढळला आणि पूर्वी कधी स्त्रीरोग-तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. म्हणजे दुखणे सर्वत्र होते, तपासणी जवळजवळ नव्हती. तीस वर्षांनी बीड जिल्ह्यात याच पोकळीचे दुसरे रूप पुढे आले. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्यांवरून राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची, गर्भाशये काढलेली होती. देशातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) सुमारे ३ टक्के होते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला तर खाडा कापला जातो. अंगावरून जात असताना फडात काम करणे अशक्य होते. अशा स्थितीत ‘पिशवी खराब झाली आहे, कर्करोग होईल’ असे सांगितल्याचे अनेक स्त्रियांनी कथन केले. कर्करोगाची शंका खरोखरच असेल तर ती तुकड्याने पडताळता येते. तुकडा न पाहता पिशवी काढणे म्हणजे हिचमान व आड्‌लर यांच्या पूर्वीच्या काळात परत जाणे होय. फरक एवढाच की, त्या काळी फक्त अंतःस्तर खरवडला जाई. तरुणपणी गर्भाशय काढल्यास, अंडाशये राखली तरी, त्यांचे कार्य लवकर मंदावण्याचा संभव असतो. अंडाशयेही काढली तर ऋतुनिवृत्ती एका दिवसात ओढवते.

बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या अमलात आणण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले. याच न्यायालयाने २००८ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात अधिक मूलगामी तत्त्व सांगितले होते : तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती नव्हे. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशये तिच्या स्वतःच्या संमतीवाचून काढण्यात आली होती.

ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर बीडपुरते नाही. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी मजूर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. त्या जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले, तर अडचण नळीची नाही. ती स्वस्त व वापरण्यास सोपी आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित डॉक्टर ती वापरू शकतात. अडचण तुकडा वाचणाऱ्या विकृतिवैज्ञानिकाची व अहवाल घेण्यासाठी पुन्हा घालवाव्या लागणाऱ्या दिवसाची आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. तोपर्यंत शिक्षण-रुग्णालय गाठावयाचे म्हणजे धुळे किंवा सुरत येथे जावे लागे. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत दिवसेंदिवस टिकतो व तो एस.टी.ने किंवा टपालानेही पाठविता येतो; अहवाल कळविण्यास दूरध्वनी पुरतो. प्रत्यक्ष रुग्णाने प्रवास करण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी होते, मात्र बाटलीवर नाव, वय, तुकडा घेतल्याचा दिवस व शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली असली पाहिजे. तारखेवाचून आलेल्या तुकड्याचा अर्थ लावताना विकृतिवैज्ञानिक आजही चाचपडतो.

मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या प्रयोगशाळेत काही वर्षे जपून ठेवतात. अहवालाविषयी शंका असल्यास किंवा गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला असल्यास रुग्णाला त्या मागून घेता येतात व दुसरीकडे दाखविता येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांना त्या सोबत आणण्यास सांगतात आणि उपचार ठरविण्यापूर्वी तेथील विकृतिवैज्ञानिक त्या नव्याने वाचतात.